एसडीआर शिकवताना आधी काय: गेन की आय-क्यू?

सुपरहेट
जुन्या रिगवर (रेडिओ संचावर) हात बसलेल्या हॅमना, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांना, एसडीआर (सॉफ्टवेअरने चालणारा रेडिओ) समजावताना सुरुवात नेहमी आय-क्यू (९० अंशांच्या फरकाने घेतलेले सिग्नलचे दोन भाग) आणि फुरियेपासून (सिग्नलमधल्या फ्रिक्वेन्सी वेगळ्या करण्याच्या गणितापासून) होते. माझं ठाम मत आहे की हा क्रम उलटा हवा. आधी गेन (सिग्नल किती वाढवायचा ते) आणि डीबीएफएस (एसडीआरवर सिग्नलची पातळी मोजायचं एकक) शिकवा, कारण डोंगल (यूएसबीत बसणारा छोटा एसडीआर) लावल्याबरोबर हात तिथेच जातो आणि गडबडही तिथेच होते.

डीबीएफएसमध्ये शून्य म्हणजे एडीसी (सिग्नलचे आकडे करणारा भाग) काठोकाठ भरला, म्हणून बाकी सगळे आकडे उणे. एस-मीटर (जुन्या रिगवरचा सिग्नलचा काटा) वेगळा: एचएफवर (३ ते ३० मेगाहर्ट्झ) एस-९ म्हणजे उणे ७३ डीबीएम (१ मिलिवॉटच्या तुलनेतली पातळी), व्हीएचएफवर (३० मेगाहर्ट्झच्या वर) उणे ९३. सिग्नल जनरेटरमधून उणे ७३ डीबीएम दिल्यावर पडद्यावर उणे ४० डीबीएफएस दिसलं, तर दोन्हींतला फरक ३३. पण तो त्याच गेनपुरता. गेन हलवला की पुन्हा मोजा.

गेन लावायची रीत अशी. एजीसी (गेन आपोआप बदलणारी सोय) बंद करा. अँटेनाच्या जागी ५० ओहमचा लोड लावून नॉइज फ्लोअर (पडद्यावर तळाशी दिसणारी खरखरीची पातळी) बघा, मग अँटेना जोडा. फ्लोअर ६ ते १० डीबी वर आला की थांबा. पुढे वाढवलात तर सिग्नल आणि नॉइज बरोबरीनेच वर जातात, हाती काही लागत नाही.

बाकीचे शब्द ओळखीच्या भागांवरून सांगावेत: सेंटर फ्रिक्वेन्सी (पडद्याच्या मध्यावरची) म्हणजे लोकल ऑसिलेटर (रिसीव्हरच्या आतली, ट्यून करणारी फ्रिक्वेन्सी), सॅम्पल रेट (सेकंदाला घेतलेले नमुने) म्हणजे आयएफ फिल्टरची (रिसीव्हरच्या मधल्या टप्प्यावरच्या फिल्टरची) रुंदी.

नायक्विस्ट
गेनबद्दल सहमत, पण शेवटचं वाक्य शिकणाऱ्याला खड्ड्यात घालणारं आहे. सॅम्पल रेट हा फिल्टर नव्हे. आरटीएल२८३२यू डोंगलचा एडीसी आत २८.८ मेगासॅम्पलने (सेकंदाला २.८८ कोटी नमुने) चालतो. आपण २.४ मेगासॅम्पल निवडतो तेव्हा पुढचं गाळप आकड्यांवर होतं, एडीसीच्या नंतर.

याचा परिणाम बघा. तुम्ही सॅम्पल रेट २५० किलोसॅम्पलवर आणला. १ मेगाहर्ट्झ पलीकडचं दणदणीत स्टेशन पडद्यावरून गेलं, पण ट्यूनरचा अ‍ॅनालॉग फिल्टर रुंदच असेल तर ते एडीसीत शिरतंच आहे. ओव्हरलोड होतोय आणि कारण पडद्यावर दिसत नाही. ‘रेट म्हणजे फिल्टर’ असं शिकलेला माणूस इथे तासन्‌तास चुकीच्या जागी शोधत बसेल.

ओव्हरलोड ओळखायला १० डीबीचा अ‍ॅटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा भाग) अँटेनाच्या वाटेत लावा. खरा सिग्नल १० डीबीच उतरतो. तिसऱ्या ऑर्डरच्या इंटरमॉडचं (रिसीव्हरच्या आतच जोरदार सिग्नल मिसळून झालेल्या खोट्या सिग्नलचं) भूत मात्र ३० डीबीच्या आसपास उतरतं, बहुधा नाहीसंच होतं. एफएम प्रसारण त्रास देत असेल तर ८८ ते १०८ मेगाहर्ट्झचा नॉच फिल्टर (तेवढाच पट्टा अडवणारा), तोही डोंगलच्या आधी.

आणि ‘८ बिट म्हणजे ५० डीबीच’, म्हणजे अशा एडीसीत सर्वात मोठ्या आणि सर्वात लहान सिग्नलमध्ये तेवढंच अंतर मावतं, असं जे म्हणतात तेही अर्धवट. २.४ मेगाहर्ट्झमधून २.४ किलोहर्ट्झ गाळलं की नॉइज आणखी ३० डीबी खाली जातो. पण त्याने एडीसीचं छत उंच होत नाही, तळ तेवढा खाली जातो. म्हणूनच प्रीसिलेक्टरला (रिसीव्हरच्या आधी हवा तेवढाच पट्टा आत सोडणाऱ्या फिल्टरला) पर्याय नाही.

फेजिंग
तुम्ही दोघेही आय-क्यू मागे ढकलताय, ते मला पटत नाही. झीरो-आयएफ (सिग्नल थेट शून्य फ्रिक्वेन्सीवर उतरवणारा) रिसीव्हर सुरू केला की पहिल्या मिनिटाला विचारलं जातं: पडद्याच्या मधोमध हा खिळ्यासारखा सिग्नल कसला, आणि हेच स्टेशन पलीकडे पुसट का दिसतंय? आय-क्यूशिवाय उत्तर देता येत नाही.

यात गणित फारसं लागत नाही. सेंटरच्या १ किलोहर्ट्झ वरचा आणि १ किलोहर्ट्झ खालचा सिग्नल एकट्या ‘आय’मध्ये सारखेच दिसतात. ९० अंश सरकवलेल्या ऑसिलेटरने काढलेला ‘क्यू’ एकात पुढे असतो, दुसऱ्यात मागे. बस, वरचा-खालचा वेगळा झाला. फेजिंग पद्धतीने एसएसबी (मूळ लहरीच्या, म्हणजे कॅरिअरच्या, एकाच बाजूचा पट्टा म्हणजे साइडबँड पाठवणं) केलेल्या माणसाला हे पाठच असतं. तिथे फेज १ अंशाने चुकली की नको असलेला साइडबँड साधारण ४१ डीबीच दबतो. इथे तीच चूक पलीकडची प्रतिमा बनून दिसते.

खात्री करायची तर सेंटर १०० किलोहर्ट्झ सरकवा. खरं स्टेशन आपल्या फ्रिक्वेन्सीवरच राहतं, प्रतिमा २०० किलोहर्ट्झ सरकते. मधला खिळा डीसी ऑफसेटचा (सर्किटमधल्या स्थिर व्होल्टेजचा), म्हणून तो सेंटरबरोबर चालतो. ऐकायचं स्टेशन सेंटरवर ठेवू नका, थोडं बाजूला घ्या.

सुपरहेट
फेजिंगवरून आय-क्यू सांगायचा हा रस्ता उत्तम आहे, कारण तो ओळखीच्या गोष्टीवरूनच जातो. म्हणजे माझाच मुद्दा! सॅम्पल रेटबद्दल नायक्विस्ट यांचं खरं आहे, तिथे जुना शब्द वापरू नये. पण पहिल्या बैठकीत आय-क्यू नको, हे मत कायम. गेन चुकीचा असेल तर प्रतिमा कुठली आणि इंटरमॉड कुठला, हे नवख्याला वेगळं करताच येत नाही.

फेजिंग
येतं. वर दिलेली १०० किलोहर्ट्झची चाचणी नेमकी तेवढ्यासाठीच. इंटरमॉड सेंटरबरोबर दुप्पट सरकत नाही.

वॉटरफॉल
एक शब्द सगळ्यांनी गृहीत धरलाय: नॉइज फ्लोअर. ‘माझा उणे ९०, तुझा उणे १०२’ अशा तुलना चालतात आणि एफएफटीचा (सिग्नल फ्रिक्वेन्सीच्या खान्यांत विभागणाऱ्या गणिताचा) आकार कोणी विचारत नाही. २.४ मेगासॅम्पलला ४०९६चा एफएफटी म्हणजे एका खान्यात ५८६ हर्ट्झ. ६५५३६चा घेतला तर ३७ हर्ट्झ. खाना १६ पट अरुंद, म्हणून फ्लोअर १२ डीबी खाली दिसतो आणि कॅरिअर जागेवरच राहतो. रिसीव्हर तोच, एसएसबीचा आवाजही तितकाच खरखरीत. तेव्हा सुपरहेट, तुमच्या लोड-अँटेना चाचणीत एक ओळ घाला: दोन्ही वेळा एफएफटी आणि सॅम्पल रेट तेच ठेवा, नाहीतर ते ६ डीबी कुठून आले ते कळणार नाही.