एकच पार्टी, चार खाती: मास्टर डेटा सांभाळायचा कोणी?

प्रश्न | इतवारीचा व्यापारी

नमस्कार. नागपूरच्या इतवारीत आमचे पाइप, फिटिंग आणि नळसामानाचे घाऊक दुकान आहे, वाडीला गोदाम आहे आणि कारखान्यांना माल पुरवण्यासाठी बुटीबोरीला एक छोटी शाखाही आहे. दुकानात टॅली हे हिशेबाचे सॉफ्टवेअर चालते, गोदामावर बिलिंगचे दुसरेच सॉफ्टवेअर आहे, तर बुटीबोरीचा मुलगा एक्सेलमध्ये नोंदी ठेवून संध्याकाळी व्हॉट्सअॅपवर पाठवतो. प्रत्येक ठिकाणचा हिशेब आपापल्या जागी बरोबर असतो. तिन्ही एकत्र केले की मेळ बसत नाही.

मागच्या महिन्यात एका जुन्या गिऱ्हाइकाने पेमेंट अडवले. त्यांचे एक दुकान नागपुरात आणि दुसरे छिंदवाड्यात आहे, त्यामुळे जीएसटी क्रमांकही दोन आहेत: महाराष्ट्राचा २७ ने सुरू होणारा आणि मध्य प्रदेशचा २३ ने. माल छिंदवाड्याच्या ऑर्डरीचा होता व तिकडेच गेला, बिल मात्र नागपूरच्या क्रमांकावर फाटले. आयजीएसटीऐवजी (परराज्यातल्या विक्रीवरचा कर) सीजीएसटी-एसजीएसटी (राज्यातल्या विक्रीवरचा कर) लागला आणि छिंदवाड्याच्या दुकानाला त्यांच्या २बी मध्ये (जीएसटीच्या संकेतस्थळावरचा खरेदीचा तक्ता) भरलेल्या कराचे क्रेडिट दिसेना. चूक शोधायला बसलो तेव्हा या एकाच पार्टीची चार खाती निघाली. एकात नावाआधी 'मेसर्स', दुसऱ्यात 'श्री', तिसऱ्यात नावापुढे गाव, आणि चौथ्यात नुसती स्पेलिंगची चूक.

सीए म्हणतात, आधी मास्टर डेटा, म्हणजे पार्ट्यांच्या आणि मालाच्या मूळ याद्या, नीट करा. सॉफ्टवेअरवाला म्हणतो, ईआरपी (सगळा कारभार एकत्र चालवणारे सॉफ्टवेअर) घ्या. आमच्या मुनीमजींचे म्हणणे असे की, इतकी वर्षे सगळे डोक्यात ठेवूनच धंदा झाला. एवढ्याशा व्यापाराला याची खरोखर गरज आहे का, आणि असल्यास सुरुवात कोठून करावी?

उत्तर १ | धरमपेठेतील हिशेबनीस

भाऊ, ईआरपीचा विचार तूर्त बाजूला ठेवा. चार खाती नव्या सॉफ्टवेअरमध्ये नेली तर तेथेही चारच राहतील, फक्त दिसायला देखणी होतील.

पार्टी नावाने ओळखू नका, कारण नाव प्रत्येक जण आपल्या कानाने लिहितो. जीएसटी क्रमांकाच्या १५ अक्षरांपैकी पहिली दोन राज्याची, पुढची दहा पॅनची असतात. एक्सेलमध्ये 'मिड' सूत्राने तिसऱ्या अक्षरापासून दहा अक्षरे वेगळ्या रकान्यात काढा आणि त्या रकान्याच्या क्रमाने यादी लावा. तिन्ही ठिकाणच्या याद्या एकाखाली एक चिकटवून हे केले की, जुळी खाती आपोआप शेजारी येऊन बसतील.

मात्र एक पॅन दिसला म्हणून सरसकट खाती एकत्र करू नका. छिंदवाडा आणि नागपूर यांचा पॅन एक असला तरी बिलासाठी ती दोन वेगळी खाती असायलाच हवीत. उधारीची मर्यादा मात्र दोन्हींची मिळून एक हवी, कारण पैसे बुडाले तर ते एकाच मालकाकडे बुडणार आहेत. याच्या उलटही घडते. मालकीच्या दुकानाची भागीदारी झाली की पॅन बदलतो (चौथे अक्षर 'पी' असते, त्याचे 'एफ' होते) आणि पाटी तीच राहिली तरी कायद्याच्या दृष्टीने समोरची पार्टी नवी असते. तेथे जुने खाते बंद करून नवे उघडावे लागते.

खरेदीच्या बाजूला पुरवठादाराचा उद्यम क्रमांक (लहान उद्योगांचा सरकारी नोंदणी क्रमांक) आणि तो उत्पादक आहे की नुसता व्यापारी, हेही खात्यातच लिहून ठेवा. सूक्ष्म व लघु उत्पादकांचे पैसे करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत द्यावे लागतात. मुदत चुकली तर आयकरात तो खर्च पैसे प्रत्यक्ष दिलेल्या वर्षीच धरला जातो. ही माहिती मार्चअखेरीस फोन करकरून गोळा करण्याची वेळ येऊ नये.

उत्तर २ | हिंगणा एमआयडीसी, निवृत्त स्टोअरकीपर

हिशेबनीस साहेबांनी पार्ट्यांचे सांगितले. माझ्या अनुभवाप्रमाणे त्याहून मोठा घोळ मालाच्या यादीत असतो, आणि आपल्या धंद्यात तर तो हमखास असणार. '२५ एमएम एल्बो' (पाइपाच्या वळणाचा जोड) एवढेच लिहिले तर ती वस्तू कोणती? शेतीच्या पीव्हीसी पाइपात २५ एमएम म्हणजे पाइपाचा बाहेरचा व्यास, साधारण पाऊण इंची. सीपीव्हीसीत (गरम पाण्यालाही चालणारा पाइप) २५ एमएम म्हणजे एक इंची, आणि त्याचा बाहेरचा व्यास २८.६ मिलिमीटर भरतो. दोन्ही एल्बो एकाच नावाखाली पडले की, वहीत स्टॉक भरपूर दिसतो आणि काउंटरवर गिऱ्हाइकाला जो हवा तो नेमका नसतो. म्हणून पदार्थ, प्रकार, माप आणि कंपनी हा क्रम एकदा ठरवावा आणि प्रत्येक वस्तूचे नाव त्याच क्रमाने लिहावे. काउंटरवरची मुले ज्या नावाने माल मागतात ते नाव टॅलीत 'एलियास' म्हणून जोडता येते, त्यामुळे त्यांची सवय मोडण्याची गरज पडत नाही.

एककाचेही तसेच. सहा मीटरचा पाइप काउंटरवर वीस फुटी म्हणून विकला जातो, पण सहा मीटर म्हणजे १९.६९ फूट. खरेदी मीटरमध्ये आणि विक्री फुटांत नोंदवली तर शंभर पाइपांमागे वहीतून सुमारे ३१ फूट माल जास्त वजा होतो, आणि मग गोदामावरच्या माणसावर विनाकारण संशय येतो. अशा चौकशीत एकदा मी स्वतः उभा राहिलो आहे. पाइप नगावर घ्यावा आणि नगावरच विकावा. तुकडा विकायचा असेल तर तुकड्यांची वस्तू वेगळी ठेवावी.

सांकेतिक क्रमांकात अर्थ कोंबू नये, हे माझे ठाम मत आहे. आम्ही पहिली दोन अक्षरे कंपनीची ठेवली होती. पुढे कंपनीने नाव बदलले आणि आम्ही वर्षानुवर्षे नसलेल्या कंपनीची अक्षरे लिहीत राहिलो. साधा चढता क्रमांक पुरतो.

उत्तर ३ | गांधीबाग, कापड व्यवसाय

दोन्ही उत्तरे पटली, पण यादी एकदा साफ केल्याने ती साफ राहत नाही. आमच्याकडे दोन वर्षांत पुन्हा तेच झाले, कारण नवे खाते कोणीही उघडू शकत होते. आता ते काम एकाच मुलीकडे आहे. बाकीचे तिला क्रमांक पाठवतात, ती जीएसटीच्या संकेतस्थळावर नाव आणि पत्ता पडताळते आणि मगच खाते उघडते.

रकाने सक्तीचे करण्याचा मोहही आवरा. आम्ही पिन कोड सक्तीचा केला, तर घाईच्या वेळी मुलांनी दिसेल त्या पार्टीला नागपूरचा ४४०००१ लावला. ई-वे बिलात (मालवाहतुकीच्या ऑनलाइन परवान्यात) अंतर पिन कोडवरून निघते आणि मुदत २०० किलोमीटरला एक दिवस अशी मिळते. नांदेडची गाडी त्यामुळे एकाच दिवसाच्या मुदतीवर निघाली आणि वाटेतच मुदत संपली. रकाना रिकामा असता तर निदान कोणाच्या तरी डोळ्यावर आला असता.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. रविवारी दुकान बंद असताना मुनीमजींना शेजारी बसवून तिन्ही याद्या पॅनवर लावल्या. त्या चार खात्यांना प्रत्येकी दोन लाखांची उधारी मंजूर होती, म्हणजे ज्या पार्टीला आम्ही दोन लाखांची समजत होतो तिला आठ लाखांपर्यंत माल जाऊ शकत होता. आकडा ऐकून मुनीमजींनी चष्मा काढला आणि पुढची यादी स्वतःच वाचायला घेतली. चारांतली दोन खाती राहतील. उरलेल्या दोनमधली बाकी वळती करून त्यांच्या नावापुढे 'वापर बंद' लिहिले आहे, कारण व्यवहार असलेले खाते टॅली खोडू देत नाही.

एक अडचण उरली आहे. जीएसटी क्रमांक नसलेले प्लंबर मिस्त्री बरेच आहेत आणि त्यातल्या तिघांची खाती नुसत्या 'राजूभाऊ' या नावाने आहेत. कोणता राजूभाऊ कोणता, हे फक्त मुनीमजींना ठाऊक आहे. त्यांचे मोबाइल क्रमांक मंगळवारपासून काउंटरवर विचारून घेणार आहोत.