जुना व्हीजीए प्रोजेक्टर, नवा लॅपटॉप: सोबत काय न्यावं?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवते. पुढच्या शुक्रवारी आमच्या केंद्राची शिक्षण परिषद आहे आणि अपूर्णांकांवर अर्धा तास मला बोलायचं आहे. मागच्या परिषदेत लॅपटॉप जोडला तर पडदा निळा आणि वर 'नो सिग्नल'. वीस मिनिटं चौघं जण वायरी काढत-घालत होते. शेवटी फळ्यावर शिकवलं. दोन रविवार खपून कागदाच्या घड्यांचे फोटो काढले होते, ते कुणाला दिसलेच नाहीत. फार लागलं मनाला.
प्रोजेक्टर छताला टांगलेला आहे. भिंतीतून निळ्या टोकाची, दोन स्क्रूंची वायर खाली येते. माझ्या लॅपटॉपला एक एचडीएमआय आणि एक टाइप-सी आहे. मधे लावायला एक छोटी डबी ऑनलाइन मागवली होती, तीच वापरली. एक चाळीस सेकंदांचा व्हिडिओही आहे, त्याचा आवाज हवाच. हजार रुपयांपर्यंत खर्च करू शकते.

लॅबवाला
ताई, आधी ती डबी हातात घेऊन त्यावरचा बाण किंवा 'इन-आउट' वाचा. मला तिचाच संशय आहे. तुमची ती निळ्या टोकाची वायर म्हणजे व्हीजीए, १९८७ सालचं. त्यात चित्र कमी-जास्त होणाऱ्या विद्युतदाबाच्या रूपात जातं. एचडीएमआयमध्ये तेच आकड्यांच्या रूपात जातं. एकाचं दुसरं करायला डबीत चिप लागते आणि ती एकाच दिशेने काम करते. तुम्हाला 'एचडीएमआय टू व्हीजीए' हवी. 'व्हीजीए टू एचडीएमआय' ही हुबेहूब तशीच दिसते, पण ती जुना कॉम्प्युटर नव्या टीव्हीला जोडण्यासाठी. दोन्ही बाजूंना भोकं असतील तर सगळ्या वायरी व्यवस्थित बसतात आणि चित्र मात्र येत नाही.
नवीन घेताना एका टोकाला एचडीएमआयची पिन आणि दुसऱ्या टोकाला १५ भोकांचं व्हीजीए असलेली घ्या. बाजूला चार्जिंगच्या वायरीसाठी खाच असेल तर उत्तम. एचडीएमआयमधून डबीला वीज फार थोडी मिळते, काही लॅपटॉपवर ती कमी पडते आणि चित्र येऊन-जाऊन राहतं. एका टोकाला एचडीएमआय, दुसऱ्या टोकाला व्हीजीए अशी स्वस्तातली नुसती वायर मिळते, तिच्यात चिप नसेल तर ती निरुपयोगी आहे. टाइप-सीच्या नादी लागू नका, प्रत्येक टाइप-सीमधून चित्र बाहेर पडतंच असं नाही.

कृष्णाकाठ
आत्ता पाहिली. 'व्हीजीए इन, एचडीएमआय आउट'! दोन्ही बाजूंना भोकंच आहेत. म्हणजे प्रोजेक्टर ठीकच होता. दादा, मनापासून आभार. आणि आवाजाचं काय?

लॅबवाला
व्हीजीएच्या वायरीतून आवाज जात नाही. लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून हॉलच्या अॅम्प्लिफायरला वायर द्या. डबी लावली की विंडोज कधी कधी आवाज आपणहून एचडीएमआयकडे वळवतं. तसं झालं तर खालच्या कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चिन्हावर जाऊन लॅपटॉपचा स्पीकर पुन्हा निवडा.

सोलापूरची_प्राध्यापक
विंडोजचं बटण आणि पी एकत्र दाबा, चार पर्याय येतात. 'डुप्लिकेट' म्हणजे दोन्हीकडे तेच. 'एक्सटेंड' निवडलंत तर पडद्यावर स्लाइड आणि तुमच्यासमोर टिपणं, पुढची स्लाइड, घड्याळ. मी नेहमी एक्सटेंड वापरते, पण पहिल्यांदाच करणार असाल तर डुप्लिकेट बरं. माउसचा बाण दुसऱ्या पडद्यावर निघून गेला की माणूस गांगरतो.
जुने प्रोजेक्टर बहुतेक १०२४ × ७६८ ठिपक्यांचे, म्हणजे रुंदी-उंचीचं प्रमाण ४:३. तुमच्या स्लाइड १६:९ च्या असतील तर वर-खाली काळ्या पट्ट्या येतात आणि अक्षर बारीक होतं. पॉवरपॉइंटच्या डिझाइनमध्ये 'स्लाइड साइझ' ४:३ करा. मात्र हे आजच करा, चौकटी हलतात, त्या पुन्हा बसवायला वेळ लागतो.

साउंडवाला
मी हॉलची कामं करतो, म्हणून वायरीबद्दल बोलतो. भिंतीतून आलेल्या व्हीजीएचं टोक उजेडात धरून पाहा. मधल्या ओळीत एक पिन नसेल तर घाबरू नका, नऊ नंबरची पिन बऱ्याच वायरींत मुळातच नसते. पण वाकलेली पिन असेल तर रंग जातो. पहिल्या तीन पिनांमधून लाल, हिरवा आणि निळा रंग जातो. लालची पिन गेली की सगळं हिरवट-निळं दिसतं. शिसं काढलेल्या पेन पेन्सिलीचं टोक पिनेवर चढवून हळूच सरळ करा. बसवल्यावर दोन्ही स्क्रू आवळा.
स्पीकरमधून घूं आवाज आला तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा, पुष्कळदा तिथेच थांबतो. म्हणून बॅटरी पूर्ण भरून न्या. आणि कार्यक्रम संपल्यावर मेन स्विच लगेच बंद करू देऊ नका. दिव्याचा प्रोजेक्टर असेल तर पंखा थांबेपर्यंत थांबा, दिवा महाग असतो.

गुरुजी_पाटण
हे सगळं जमलं तरी फॉन्ट फसवतो, हे अनुभवाने सांगतो. ऐनवेळी दुसऱ्याचा लॅपटॉप घ्यावा लागला आणि जुन्या मराठी फॉन्टमधल्या माझ्या स्लाइडवर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसला. युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही लॅपटॉपवर मराठीच दिसेल अशा पद्धतीने, टाइप करा, शिवाय पीडीएफ करून पेनड्राइव्हवर ठेवा. व्हिडिओची फाइल वेगळी ठेवा, पीडीएफमध्ये तो चालणार नाही.

नवखा
वायरलेस का नाही करत? विंडोज आणि के दाबलं की जोडता येतं.

लॅबवाला
समोरच्या प्रोजेक्टरमध्ये ती सोय हवी. व्हीजीएच्या काळातल्यात नसते.

कृष्णाकाठ
काल, बुधवारी, शाळा सुटल्यावर केंद्रशाळेत जाऊन आले. नवी डबी लावली आणि चित्र लगेच आलं, पण फोटोतली लाल घडी काळपट! साउंडवाले दादांचं आठवलं. पहिली पिन वाकलेली होती. पेन पेन्सिलीने सरळ केली, पाच मिनिटं लागली. मग लाल घडी लाल दिसली, तेव्हा अक्षरशः डोळ्यांत पाणी आलं. आवाजही हेडफोनच्या वायरीने आला. ४:३ केल्यावर सात स्लाइड पुन्हा बसवाव्या लागल्या, त्या आज रात्री संपतील.
जुनी डबी केंद्रप्रमुखांना दाखवली. त्यांच्या कपाटात तशीच आणखी एक निघाली.