मदत हवी आहे: एक्सव्ही६ चं ६८०३० वर पोर्टिंग, इम्युलेटरमध्ये चालतं पण खऱ्या बोर्डावर पहिल्याच मॅलॉकला अडकतं

नमस्कार मंडळी, कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा), एमएमयू (प्रोग्रॅमचे पत्ते खऱ्या मेमरीच्या पत्त्यांत बदलणारा भाग) असल्या कामात हात घातलेलं कोणी असेल तर जरा शेवटपर्यंत वाचा, लिहिता लिहिता मोठं झालंय पण तपशिलाशिवाय विचारण्यात अर्थ नाही.

एमआयटीचं एक्सव्ही६ बऱ्याच जणांना माहीत असेल, ऑपरेटिंग सिस्टिम शिकवायला २००६ पासून वापरतात, आधी एक्स८६ वर होतं, मग २०१९ मध्ये रिस्क-५ वर नेलं. तेच मी मोटोरोला ६८०३० वर आणतेय. का, तर अख्खा कर्नल दहा हजार ओळींच्या आत आहे, एकट्या माणसाच्या डोक्यात मावतो, आणि ६८०३० हा १९८७ चा प्रोसेसर असला तरी एमएमयू चिपच्या आतच आहे, मॅन्युअल पूर्ण मिळतं. अशा मशीनवर हा कोड चालवून दाखवता आला तर शिकणाऱ्याला पेज टेबल, म्हणजे कुठलं पान मेमरीत कुठे आहे याचा तक्ता, जे कळेल ते कुठल्या आकृतीने कळणार नाही असं मला मनापासून वाटतं, म्हणून हे अर्धवट सोडायचं नाहीये.

झालंय ते सांगते. रिस्क-५ लिटल एंडियन (आकड्याचा खालचा बाइट आधी) आणि ६८के, म्हणजे ६८०३० चं घराणं, बिग एंडियन (वरचा बाइट आधी), त्यामुळे डिस्क इमेज बनवणाऱ्या एमकेएफएसमधली बाइट फिरवणारी फंक्शनं उलटी करावी लागली, नाहीतर सुपरब्लॉकचा मॅजिक (ओळखीचा आकडा) १० २० ३० ४० च्या जागी ४० ३० २० १० असा वाचला जातो आणि कर्नल "इनव्हॅलिड फाइल सिस्टिम" म्हणून पॅनिक होतो. प्रोग्रॅम फाइलचं ईएलएफ हेडर ३२ बिटचं केलं, त्याचाही मॅजिक फिरवला. ट्रॅम्पोलिन पेज, म्हणजे युजर आणि कर्नलमध्ये ये-जा करायला दोन्हीकडे मॅप केलेलं पान, काढूनच टाकलं कारण इथे एक्सेप्शन आलं की प्रोसेसर आपणहून सुपरवायझर स्टॅकवर जातो, आणि युजर, सुपरवायझर दोघांना वेगळे रूट पॉइंटर (पेज टेबल जिथे सुरू होतं तो पत्ता) देता येतात. पेज ४ केबीचं, टेबल तीन पातळ्यांचं, ७-७-६ बिट, म्हणजे ६८०४० ला जसं लागतं तसंच ०३० लाही ठेवलं. शिवाय लेझी अॅलोकेशन घातलंय, एसबीआरके (प्रोग्रॅमने जास्त मेमरी मागायचा सिस्टिम कॉल) नुसता साइझ वाढवतो, पान खरंच हाताळलं की पेज फॉल्टमध्ये, म्हणजे पान मॅप नाही म्हणून प्रोसेसर कर्नलकडे येतो तेव्हा, मेमरी देते.

क्यूएमू या इम्युलेटरमध्ये, व्हर्च मशीन आणि ६८०४० सीपीयू लावून, सगळं चालतं, एक्सव्ही६ च्या युजरटेस्ट्स चाचण्यासुद्धा पास. खऱ्या ०३० बोर्डावर (१६ एमबी रॅम, सिरियलला ६८६८१ चिप, डिस्कऐवजी रॅमडिस्क) बूट होतं, इनिट येतं, शेलचा डॉलर प्रॉम्प्ट येतो, सीडी कमांड चालते. पण एलएस टाकलं की थोडा वेळ काहीच नाही, मग माझ्या फॉल्ट हँडलरचा "मेमरी संपली" मेसेज, प्रोसेस मरते आणि प्रॉम्प्ट परत. पॅनिक नाही, काही नाही.

सीडी शेल स्वतःच करतं, मॅलॉक (मेमरीचा तुकडा देणारं फंक्शन) लागत नाही. एलएसला फोर्क होतो (शेलची प्रत, म्हणजे चाइल्ड, बनते) आणि चाइल्डमध्ये कमांड पार्स करताना पहिला मॅलॉक होतो, म्हणजे गडबड तिथेच. एसबीआरकेमध्ये प्रिंटएफ टाकला तर ३२७६८ बाइटची मागणी एकामागोमाग एक येतच राहते, आणि फॉल्टचे पत्ते बघितले तर दर वेळी नव्या तुकड्याच्या सुरुवातीपासून बरोबर ४ बाइट पुढे. रॅम टेस्ट स्वच्छ आहे, दोन्ही कॅश सध्या बंद आहेत. कुठे बघू?

रिकामाबिट:
पान मॅप केल्यावर पीफ्लश (एमएमयूच्या जुन्या नोंदी पुसणारी इन्स्ट्रक्शन) करताय का? ०३० च्या एटीसीमध्ये, म्हणजे पत्त्यांच्या भाषांतराच्या कॅशमध्ये, २२ एंट्री असतात आणि इनव्हॅलिड पान सापडलं तर "हे नाही" अशी नोंदसुद्धा तो ठेवतो, त्यामुळे टेबल दुरुस्त केलं तरी जुनी नोंद पुसल्याशिवाय फॉल्ट येतच राहतो. एक्सव्ही६ मध्ये मॅपपेजेस काहीच फ्लश करत नाही, तिथून तसंच आलं असेल तर हेच असणार.

धागाकर्ती:
पीफ्लशए आहे, हँडलरच्या शेवटीच. आणि त्याच पत्त्यावर पुन्हा फॉल्ट येत नाहीये, दर वेळी पत्ता नवा असतो, म्हणजे मॅपिंग लागतंय.

जुनं_सिलिकॉन:
कंपायलर कुठला? लिनक्स टार्गेटचा ६८के जीसीसी असेल तर पॉइंटर परत देणाऱ्या फंक्शनचं उत्तर तो ए० रजिस्टरमध्ये बघतो, डी० मध्ये नाही. तुमचा एसबीआरकेचा असेंब्ली स्टब (कर्नलला हाक मारणारा छोटा कोड) डी० मध्येच सोडत असेल तर कॉलरला ए० मधला कचरा मिळणार. याच टार्गेटला इंट दोन बाइटवरच अलाइन होतो तेही लक्षात असू द्या, दुसऱ्या मशीनवर बनवलेली स्ट्रक्चर वाचताना फार त्रास देतं ते.

धागाकर्ती:
स्टबमध्ये डी० चं ए० मध्ये कॉपी करतेय. आणि तीच बायनरी क्यूएमूवर नीट चालते, त्यामुळे कंपायलरचा भाग मी बाजूला ठेवलाय.

ट्रॅप_शून्य:
ताई, "क्यूएमूवर चालते" यातच उत्तर आहे बहुतेक. क्यूएमूचं ६८के फक्त ०४० चं एमएमयू जाणतं, ०३० चं नाही, म्हणजे ०३० चा पेज फॉल्ट कसा असतो हे तुमच्या कोडने बोर्डावर पहिल्यांदाच बघितलंय. एक सांगा, ट्रॅपमधून (प्रोग्रॅम थांबवून कर्नलमध्ये आल्यावर) परत जाताना स्टॅक फ्रेम प्रोसेसरने ढकललेली तीच वापरता की एसआर (स्टेटस रजिस्टर) आणि पीसी (कुठल्या इन्स्ट्रक्शनवर परतायचं तो पत्ता) ट्रॅपफ्रेममध्ये, म्हणजे एक्सव्ही६ च्या रजिस्टर साठवायच्या जागेत, कॉपी करून परतताना ८ बाइटची नवी फ्रेम बनवता? रिस्क-५ वरून येणारा दुसरा प्रकार करतो, कारण तिथे परत जायला एक पत्ता पुरतो.

दुसरा प्रकार असेल तर फॉल्ट आल्या आल्या तीन गोष्टी छापा. फ्रेमच्या सुरुवातीपासून ६ बाइटवरच्या वर्डचे वरचे चार बिट, १० बाइटवरचा स्पेशल स्टेटस वर्ड, आणि २४ बाइटवरचा लाँग.

धागाकर्ती:
हो, नवीच बनवते, सिस्टिम कॉल असो, टायमर असो की फॉल्ट, परतीचा रस्ता एकच ठेवलाय.

छापलं. फॉरमॅट ए. स्टेटस वर्डमध्ये डीएफ (डेटा फॉल्ट) बिट १, आरडब्ल्यू (वाचन की लिखाण) बिट ०, म्हणजे लिखाण. आणि २४ वर ४०९६ आहे, दर फॉल्टला ४०९६ च. हा आकडा मॅलॉकमधला आहे का, मॅलॉकसाठी मेमरी आणणारं मोअरकोअर कमीत कमी तेवढीच युनिटं मागतं ना?

ट्रॅप_शून्य:
तोच. तुमचं हरवलेलं लिखाण तिथे पडलंय.

नीट सांगतो. मोअरकोअर एसबीआरके करतं आणि लगेच नव्या तुकड्याच्या हेडरमध्ये साइझ लिहितं. हेडरमध्ये आधी ४ बाइटचा पॉइंटर, मग साइझ, म्हणून तुमचा फॉल्ट दर वेळी ४ बाइट पुढे. तर ते लिखाण बसवर जाईपर्यंत ०३० त्या इन्स्ट्रक्शनच्या पुढे सरकलेला असतो, फॉरमॅट ए चा अर्थच हा की फॉल्ट इन्स्ट्रक्शनच्या सीमेवर आला आणि फ्रेममधला पीसी *पुढच्या* इन्स्ट्रक्शनचा आहे. अडलेलं लिखाण कुठे ठेवलंय, तर त्या फ्रेममध्येच, १६ वर पत्ता आणि २४ वर डेटा. तुम्ही फ्रेम फेकून पीसीवर परत गेलात की पान मॅप झालेलं असतं, प्रोग्रॅम पुढे चालतो, फक्त ते एक लिखाण झालेलंच नसतं. पान नवं, शून्याने भरलेलं, म्हणून साइझ ० वाचली जाते, मॅलॉकला वाटतं तुकडा पुरेसा नाही, तो परत मोअरकोअरकडे जातो. ४०९६ युनिटं गुणिले ८ बाइट म्हणजे ३२७६८, तुमच्या प्रिंटएफमध्ये दिसतंय ते हेच. दर फेरीला एक पान जातं, मेमरी संपेपर्यंत.

०४० इन्स्ट्रक्शन पुन्हा सुरुवातीपासून चालवतो, म्हणून तिथे पीसी पुरला. ०२० आणि ०३० इन्स्ट्रक्शन मध्येच थांबवतात आणि जिथे थांबले तिथून *पुढे चालू* करतात, पुस्तकात खूण घालून ठेवावी तसं, आणि त्यासाठी लागणारी आतली अवस्था स्टॅकवर ढकलतात. फॉरमॅट ए ३२ बाइटचा, आणि इन्स्ट्रक्शनच्या मधोमध फॉल्ट आला तर फॉरमॅट बी, तो ९२ बाइटचा. त्यातल्या बऱ्याच जागा मॅन्युअलमध्ये नुसत्या "इंटर्नल रजिस्टर" म्हणून दिल्यात. त्या समजून घ्यायच्या भानगडीत पडू नका, त्यांना हातही लावू नका.

उपाय असा की फ्रेम आली तिथेच, त्या प्रोसेसच्या कर्नल स्टॅकवर राहू द्या. एंट्रीला मूव्हएमने (अनेक रजिस्टर एकदम हलवणारी इन्स्ट्रक्शन) रजिस्टर तिच्यावर ढकला, सी फंक्शनला त्या जागेचा पॉइंटर द्या, परतताना रजिस्टर काढा आणि सरळ आरटीई (ट्रॅपमधून परतायची इन्स्ट्रक्शन) करा. किती बाइट उचलायचे ते प्रोसेसर फॉरमॅट बघून स्वतः ठरवतो. डीएफ बिट १ च राहू द्या, आरटीईच्या वेळी ०३० तो बस सायकल स्वतः पुन्हा चालवेल आणि ४०९६ जागेवर जाईल. मध्ये दुसऱ्या प्रोसेसकडे स्विच झालं तरी बिघडत नाही, एक्सव्ही६ मध्ये प्रत्येकाचा कर्नल स्टॅक वेगळा असतो. फोर्क आणि एक्झेक नेहमी ट्रॅप इन्स्ट्रक्शनमधून येतात, तिथे फ्रेम ८ बाइटचीच, ती चाइल्डच्या स्टॅकवर कॉपी करा नाहीतर पीसी तिच्यातच बदला, चालेल. आरटीईला फॉरमॅट एरर, म्हणजे व्हेक्टर १४ दिसला तर समजा स्टॅक पॉइंटर कुठेतरी सरकलाय.

एक आताच सांगून ठेवतो, पुढेमागे खऱ्या ०४० वर न्याल तर तिथेही क्यूएमूवर विसंबू नका. ०४० ची फॉल्ट फ्रेम ६० बाइटची, तिच्यात अर्धवट राहिलेली तीनपर्यंत लिखाणं असू शकतात, राइटबॅक म्हणतात, ती हँडलरनेच पूर्ण करायची असतात. क्यूएमू त्या जागा शून्य सोडतं. लिनक्सच्या ६८के कोडमध्ये ट्रॅप्सच्या फाइलमध्ये ०३० आणि ०४० साठी वेगळे रस्ते आहेत, शेजारी शेजारी ठेवून वाचा. बोर्डावर दर वेळी चढवणं नको असेल तर विनयूएई किंवा हटारीमध्ये ०३० चं एमएमयू चालू करता येतं.

धागाकर्ती:
चाललं!!! एलएसची पूर्ण यादी आली, युजरटेस्ट्सही शेवटपर्यंत गेल्या. तुमचे किती आभार मानू कळत नाही. एंट्रीचा कोड उलट लहान झाला, ट्रॅपफ्रेममध्ये कॉपी करणारा सगळा भाग गेला. आणि मध्ये एकदा फॉरमॅट बी सुद्धा येऊन गेला, काही न करता नीट परतला.

आता याच कामातला पुढचा प्रश्न विचारूनच घेते. डेटा कॅश चालू केली तर डब्ल्यूसी (ओळी, शब्द, अक्षरं मोजणारी कमांड) मोठ्या फाइलवर चुकीचा आकडा देतं, आणि दर वेळी वेगळा. कॅटला मात्र काही होत नाही, फाइल जशीच्या तशी छापली जाते. कॅश बंद केली की दोन्ही बरोबर.

रिकामाबिट:
०३० ची कॅश लॉजिकल (प्रोग्रॅमला दिसणाऱ्या) पत्त्यावर चालते, फिजिकलवर (खऱ्या रॅमच्या) नाही. एक्सव्ही६ चं कॉपीआउट (कर्नलकडचा डेटा युजरच्या मेमरीत टाकणारं फंक्शन) युजरचं पान शोधून कर्नलच्या पत्त्याने लिहितं, कॅशला ते वेगळंच ठिकाण वाटतं, युजरच्या पत्त्याखाली आधीची ओळ तशीच राहते. डब्ल्यूसी तोच ५१२ बाइटचा बफर परत परत भरून स्वतः एकेक अक्षर वाचतं, म्हणून त्याला काही ओळी शिळ्या मिळतात, आणि कॅश सगळी मिळून २५६ बाइटच, कर्नलने मध्ये काय काय वाचलं यावर कुठल्या ओळी उरल्या ते ठरतं, म्हणून आकडा दर वेळी वेगळा. कॅट बफरमध्ये डोकावतच नाही, नुसतं रीड आणि राइट, दोन्ही बाजूंनी कर्नलच हात लावतो.

आत्तापुरतं कॉपीआउटच्या शेवटी आणि प्रोसेस बदलताना सीएसीआर या कॅशच्या नियंत्रण रजिस्टरमधला डेटा कॅश पुसायचा सीडी बिट लावा. प्रोसेस बदलताना तर इन्स्ट्रक्शन कॅशही पुसायला हवी, दोन्हीसाठी हेक्स ०८०८, पण चालू ठेवायचे बिटही त्याच वेळी लिहा, म्हणजे ०९०९, नाहीतर कॅश पुसून बंदच होईल.

धागाकर्ती:
ओके, हे आजच घालते. पण दर रीडला अख्खी कॅश पुसायची म्हणजे जिवावर येतं, कायमचा मार्ग कुठला? मूव्ह्सने (कर्नलमधून युजरच्या पत्त्यांवर वाचता-लिहिता येणारी इन्स्ट्रक्शन) युजरच्या पत्त्यावरच लिहिलं तर?

ट्रॅप_शून्य:
तोच बरोबर मार्ग. डीएफसीमध्ये (मूव्ह्सने कुठे लिहायचं ते ठरवणारं रजिस्टर) १ टाका, म्हणजे युजर डेटा, आणि कॉपीआउटमध्ये मूव्ह्स वापरा, लिखाण युजरच्या पत्त्याने जातं आणि कॅशमधली ओळही बरोबर राहते. उलट दिशेच्या कॉपीइनसाठी तसंच वाचायचं एसएफसी.

फक्त आता फॉल्ट कर्नलमधूनही येतील, त्यांचं बघावं लागेल. स्टेटस वर्डच्या खालच्या तीन बिटांत फंक्शन कोड (युजर की सुपरवायझर, डेटा की प्रोग्रॅम) असतो, तो १ असेल आणि पत्ता प्रोसेसच्या साइझच्या आत असेल तर नेहमीसारखं पान द्या आणि त्याच फ्रेमने आरटीई करा. पण युजरने वेडावाकडा पॉइंटर दिला असेल तर मूव्ह्स सोडून कॉपीआउटच्या "उणे एक परत दे" या ओळीवर जायचंय, आणि तिथे नुसता पीसी बदलून भागत नाही, कारण फ्रेम ए किंवा बी असली की प्रोसेसर अडलेलं काम पुढे चालू करायला जातो. तेवढ्या एका ठिकाणी मोठी फ्रेम काढून टाकायची, तिच्या जागी फॉरमॅट शून्यची ८ बाइटची फ्रेम नव्या पीसीसह ठेवायची, मग आरटीई. लिनक्सचं ६८के हेच करतं, स्टॅक किती सरकवायचा ते फॉरमॅटवरून एका छोट्या टेबलात बघून. तुमचा जुना फ्रेम बनवणारा कोड अजून ठेवला असेल तर तो इथे उपयोगी पडेल.