उरूस, उर्स की पुण्यतिथी?

तापीतीर

बऱ्हाणपूरच्या दर्ग्यांवरचा एक हिंदी मजकूर गेले तीन आठवडे मराठीत करतेय. स्मरणिकेसाठी आहे. काल मुद्रितं तपासून आली. जिथे जिथे ‘उरूस’ होता तिथे लाल शाईने ‘पुण्यतिथी’ केलंय. ‘संदल’चं ‘चंदनलेप विधी’. ‘बऱ्हाणपूर’चं ‘बुरहानपूर’. समासात टीप: मराठी वाचकाला कळेल असं लिहावं.

मी मूळची रावेरची. उरूस हा शब्द आम्हाला शाळेत जायच्या आधीपासून येत होता. शेजारच्या खालांकडे संदलच्या दिवशी दुपारपासून चंदन उगाळायला बसायचे. त्यांची सहाण लहान, म्हणून आमच्या देवघरातली मोठी सहाण तिकडे जायची. आजी ती घासून, धुऊन, ओट्यावर पालथी वाळवून द्यायची. परत आली की मात्र धुवायची नाही. तशीच देवाजवळ ठेवायची, म्हणायची, वास आहे अजून तिला.

पण माझी अडचण अर्थाची आहे. अरबीत ‘उर्स’ म्हणजे लग्न. संताने देह ठेवला की जिवाचं त्याच्या प्रियाशी, म्हणजे ईश्वराशी, मीलन झालं अशी सूफींची धारणा. म्हणून मरणाचा दिवस हाच लग्नाचा दिवस. कबरीवर फुलांचा सेहरा चढतो, काही ठिकाणी मेंदीची ताटं निघतात, ती त्याच हिशेबाने. ‘पुण्यतिथी’ लिहिलं की हे सगळं वऱ्हाड परत जातं. माझ्या मजकुरात पुढे वाक्य आहे की रात्री कव्वाल नवरदेवाची गाणी म्हणतात. पुण्यतिथीला नवरदेवाची गाणी कशी म्हणवून घेऊ?

तर, उरूस ठेवावा का? आणि ठेवला तर टीप द्यावी का?

दक्ष वाचक

मी मुद्रितं तपासणाऱ्याच्या बाजूचा आहे, फक्त ‘पुण्यतिथी’ हा शब्द त्यांनी चुकीचा निवडला. आपल्याकडे ‘समाधिसोहळा’ तयार आहे. कार्तिक वद्य त्रयोदशीला आळंदीत ज्ञानेश्वरांचा संजीवन समाधी सोहळा होतो. ‘सोहळा’ शब्दात आनंद आला, ‘समाधी’त देह ठेवणं आलं. तुमचे दोन्ही अर्थ सांभाळले गेले. शिवाजी महाराजांनी फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो याचसाठी ना? घरात शब्द असताना शेजारी मागायला का जावं?

धुळ्याचा मास्तर

राज्यव्यवहारकोश दरबाराच्या शब्दांचा होता. जत्रेच्या, बाजाराच्या शब्दांना कुणी हात लावला नाही आणि लावून उपयोगही झाला नसता.

आणि शेजारी मागायला कोण गेलंय? ‘उर्स’चा ‘उरूस’ झाला तिथेच तो आपल्या घरचा झाला. हुक्म - हुकूम. फिक्र - फिकीर. जख्म - जखम. कुफ्ल - कुलूप, इथे तर अक्षरांनी जागासुद्धा बदलल्या. जोडाक्षर फोडून मध्ये स्वर घालायचा ही मराठी जिभेची जुनी खोड. पुढे विभक्ती बघा: हुकूम, हुकमाला. कुलूप, कुलपाला. तसंच बोलण्यात उरूस, उरसाला. परक्या शब्दाला कुणी असं वळवत नाही.

तुमचं वाक्य लिहिताना ‘उरुसाच्या रात्री’ करणार की ‘उरसाच्या’? माझ्या कानाला ‘उरसाच्या’ बरोबर.

तापीतीर

बोलते ‘उरसात’च. लिहिताना हात ‘उरुसात’कडे जातो. का ते सांगता येत नाही.

निंबाचा पार

अहिराणीत विचाराल तर आमची आजी उरूस म्हणतच नव्हती. ‘पीरबाबानी जत्रा’. जत्राले जाई वनू, नारय फोडी वनू, झालं. मग जत्रा का नको? कळतोही सगळ्यांना.

मुक्काम चाळीसगाव

जत्रा आणि उरूस एक नाहीत. जत्रा आपल्या तिथीला ठरलेली असते. उरूस हिजरी, म्हणजे नुसत्या चंद्राच्या महिन्यांवर चालतो, म्हणून दर वर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो. मी सहावीत असताना उरूस ऐन मे महिन्यात होता, बर्फाचा गोळा खाल्ल्याशिवाय परत येत नसू. नोकरीला लागलो तेव्हा तोच उरूस स्वेटर घालून पाहिला. जत्रेचं असं होत नाही.

आमच्याकडे पीर मुसा कादरी, म्हणजे बामोशी बाबांचा उरूस भरतो आणि तलवारीची मिरवणूक निघते. ती बघायला उभा असलेला कुठल्याही जातीचा माणूस ‘तलवार आली’ एवढंच म्हणतो. ‘समाधिसोहळ्याची तलवार’ म्हणून बघा बरं.

निंबाचा पार

सगळीकडे चंद्रावर नाही हो. कितीतरी खेड्यांत पीराचा उरूस चैत्रात, नाहीतर पिकं निघाल्यावर ठरलेला असतो. शेतकऱ्याच्या सवडीने. तिथे जत्रा आणि उरूस एकच.

अत्तरदाणी

आमच्या घरात उर्दू, बाजारात आणि शाळेत मराठी. घरात तोंडात ‘उर्स’ येतो आणि मराठी वाक्यात तोच आपोआप ‘उरूस’ होतो. मी हे कधी ठरवलेलं नाही. म्हणून तापीतीर ताई, मराठीत ‘उर्स’ लिहू नका. ते लेखी वाटतं, बोललेलं वाटत नाही.

‘संदल’चं भाषांतर तर करूच नका, कारण संदल म्हणजे चंदनच. संस्कृत चंदन व्यापाऱ्यांबरोबर पश्चिमेला गेलं, अरबीत संदल झालं आणि पिरांबरोबर परत आलं. त्याला पुन्हा ‘चंदनलेप’ करणं म्हणजे घरी आलेल्या मुलीला नाव विचारण्यासारखं आहे.

दक्ष वाचक, ‘समाधी’ला माझा खरा आक्षेप आहे. समाधी ही साधकाची अवस्था, आणि योग्याने ती स्वतः घेतलेली असते. दर्ग्यात जो निजलाय त्याला मरण आलं, दफन केलं गेलं, तो कयामतपर्यंत तिथे आहे. दोन्हींचा आदर सारखाच ठेवा, पण शब्द एक करू नका. एक केलात की दोन्हीकडचं निम्मं निम्मं सांडतं.

आणखी एक सांगते, टीप लिहिणार असाल तर. ‘मुस्लिम समाजाचा उत्सव’ असं लिहू नका. माझे मोठे मामा संदलच्या मिरवणुकीला जात नाहीत. त्यांच्या मते हे सगळं दीनमध्ये, म्हणजे धर्मात नाही, नंतर शिरलंय. माझी आई एकही वर्ष चुकवत नाही. दर वर्षी त्या रात्री जेवताना दोघा भावंडांचा तोच वाद होतो आणि दर वर्षी मामाच आईला परत आणायला स्कूटर घेऊन जातात. दर्ग्यावर येणाऱ्या बायांमध्ये निम्म्या कुंकू लावलेल्या असतात. हा उत्सव कुणाचा, याचं उत्तर एका ओळीत मावत नाही.

दक्ष वाचक

समाधीबद्दलचा मुद्दा मान्य. तो शब्द मागे घेतो. ‘उरूस’ मात्र टीपेशिवाय नको, पुण्यातला आजचा विद्यार्थी अडेल.

‘दर्ग्यावर’ मात्र खटकलं. ‘दर्ग्यात’ हवं. आणि हिंदीत दरगाह स्त्रीलिंगी आहे, मजकूर हिंदीवरून केलाय, तर लिंग नीट तपासलंय ना? हल्ली बातम्यांत ‘ती दर्गा’ वाचतो.

धुळ्याचा मास्तर

मराठीत तो दर्गा. पुरावा सामान्यरूपात आहे: दर्ग्यात, दर्ग्याला. स्त्रीलिंगी असता तर ‘जागा, जागेत’ याप्रमाणे ‘दर्गेत’ झालं असतं. तसं कुणीही बोलत नाही.

दर म्हणजे दार, गाह म्हणजे जागा. फारसी ‘दर’ आणि आपलं ‘द्वार’ एकाच कुळातले. दरवाजा, दरवान, दरबार ही सगळी त्याचीच भावंडं.

मुक्काम चाळीसगाव

म्हणूनच ‘दर्ग्यावर’! दर्गा म्हणजे उंबरठा. उंबरठ्यावर बसतात, उंबरठ्यावर डोकं टेकतात. ‘वर’ तिथून आला.

निंबाचा पार

छे. दर्गे बहुतेक टेकडीवर, म्हणून वर.

तापीतीर

बऱ्हाणपूरचे कितीतरी दर्गे सपाटीला, नदीकाठी आहेत आणि तरी लोक ‘दर्ग्यावर’च जातात. मला वाटतं चादर कबरीवर चढते, त्यातून आलं असावं. मूळ गोष्ट कबर, इमारत नंतरची. म्हणून या शब्दांची यादी बघताना मला फार आनंद होतो. तुरबतमध्ये माती आहे. मजार म्हणजे भेटीची जागा, जियारतमधला. रौजा म्हणजे बाग. खुलताबादला जुनी माणसं ‘रोजा’ म्हणायची, ते हेच. मातीपासून बागेपर्यंत सगळे शब्द एकाच साडेसहा फुटांसाठी.

दक्ष वाचक, बऱ्हाणपूरबद्दल. जुन्या मराठी कागदांत बऱ्हाणपूरच आहे. आता मध्य प्रदेशात गेलं म्हणून आपण आपला उच्चार का सोडायचा? खानदेशाची राजधानी होती ती. तिथला सुलतान नासिरखान फारुकी याने शहर वसवलं आणि सूफी संत बुरहानुद्दीन गरीब यांचं नाव दिलं. दिल्लीच्या निजामुद्दीन औलियांचे शिष्य, १३३७ मध्ये गेले. दर्गा खुलताबादला आहे. म्हणजे ज्यांच्या नावाचं शहर ते तिथे निजलेले नाहीत, आणि तरीही ते शहर त्यांचं. तापीच्या पलीकडच्या तीरावर जैनाबाद, ते त्यांचे शिष्य जैनुद्दीन शिराजी यांच्या नावाचं. इतिहासकार फिरिश्ता सांगतो की असीरगड किल्ला घेतल्यावर शेख जैनुद्दीन नासिरखानाला भेटायला आले आणि त्यांच्या सांगण्यावरून ही दोन गावं वसली. पण जैनुद्दीन १३६९ मध्येच वारले होते, नासिरखान गादीवर आला १३९९ ला. तारखा जुळत नाहीत. मी ती गोष्ट ‘अशी आठवण सांगतात’ म्हणून ठेवलीय, काढली नाही. शहराला आपल्या नावामागे आशीर्वाद हवा होता, हे त्या गोष्टीतून खरंच कळतं.

आणि याच नावात माझ्याकडून घोटाळा होत होता. पहिल्या खर्ड्यात मी ‘गरीब’ला कंस करून ‘निर्धन’ लिहिलं होतं. अरबीत गरीब म्हणजे परका, परमुलखातला. ‘अजबगरीब’मधला गरीब तोच. दिल्लीहून दख्खनेत आलेला माणूस स्वतःला परका म्हणवतो, आणि या जगात आपण परकेच, हाही अर्थ त्यात येतो. ‘निर्धन’ लिहून मी त्यांचा सगळा प्रवास पुसणार होते. हे लक्षात आल्यावर रात्री झोप लागली नाही.

अत्तरदाणी

‘निर्धन’ गेलं हे फार बरं झालं. मराठीत मात्र ‘गरीब गाय’ म्हणतो तेव्हा पैशाचा संबंध नसतो, नम्र, निरुपद्रवी असा अर्थ. परक्या गावात माणूस तसाच वागतो ना?

कव्वालांचं वाक्य असेल तर एक भर. कव्वाल म्हणजे ‘कौल’ म्हणणारा. कौल म्हणजे वचन, उक्ती. देवीला कौल लावतात तो कौल, कौलनामा लिहून द्यायचे तो कौल, सगळा एकच शब्द.

तापीतीर

हे माहीत नव्हतं! बऱ्हाणपूरचे शेख बहाउद्दीन बाजन, १५०६ मध्ये वारले, त्यांनी हिंदवीत रचना केल्या आणि टोपणनावच ‘बाजन’ घेतलं. बाजणे, वाजणे. कौल म्हणणाऱ्यांच्या गावात वाजणारा पीर. हे प्रकरण पुन्हा लिहायला घेते.

केळीची बाग

उशिरा आलो. उरुसाचं चाललंय आणि कंदुरीचं नाव कुणी काढलं नाही? पिराला बोकडाचा नवस, मग सगळ्या गावाला जेवण, ती कंदुरी. माझे आजोबा म्हणायचे ‘कंद’पासून आला, पूर्वी कंद उकडून वाढायचे.

धुळ्याचा मास्तर

आजोबांचा मान ठेवून सांगतो, कंदुरी फारसी आहे. जेवताना खाली अंथरायचं कापड, दस्तरखान. त्यावरून पंगत, पंगतीवरून नवसाचं जेवण. तमिळनाडूत नागोरला दर्ग्याच्या उत्सवालाच कंदुरी म्हणतात. इंडोनेशियात, मलेशियात गावजेवणाला ‘कंदुरी’ म्हणतात, तोही हाच शब्द, जहाजाने गेलेला.

केळीची बाग

कापड पटत नाही. आमच्याकडे कंदुरीला कधी कापड अंथरलेलं पाहिलं नाही. शेतात, पळसाच्या पत्रावळी, खाली माती.

निंबाचा पार

आणि काही ठिकाणी ‘कंदोरी’ म्हणतात. ओकाराने. तुमच्याकडे?

केळीची बाग

यावलकडे कंदुरी. चोपड्याच्या मावशीकडे कंदोरी.

दक्ष वाचक

बोकडाऐवजी मलिद्याचा नवस असेल तर त्याला कंदुरी म्हणतात का?

अत्तरदाणी

नाही. तो नुसता मलिदा. फातिहा झाली की वाटतात.

मुक्काम चाळीसगाव

आमच्याकडे म्हणतात. जेवण घातलं की कंदुरी, काहीही वाढा.

तापीतीर

मुद्रितं सोमवारी परत द्यायची आहेत. उरूस, संदल, बऱ्हाणपूर तिन्ही ठेवतेय. ‘उरसाच्या’ की ‘उरुसाच्या’ अजून ठरत नाही, आणि टीप दोनदा लिहून फाडली. दोन्ही वेळा ‘म्हणजे लग्न’ एवढं लिहून पेन थांबलं.

निंबाचा पार

कंदोरीच्या रश्शाबरोबर तुमच्याकडे भाकरी कळण्याची की बाजरीची?