न्यू जर्सी: अंगणातल्या तळ्यातले गोल्डफिश हिवाळ्यात कसे सांभाळावेत? मदत हवी आहे

मध्य न्यू जर्सीत घरामागे रबर लायनरचं तळं आहे. लांबी ८ फूट, रुंदी ५, खोली सगळीकडे अडीच फूट, म्हणजे साधारण ७५० गॅलन पाणी. सहा कॉमेट आणि दोन ओरांडा (दोन्ही गोल्डफिशचेच प्रकार) आहेत. छोटा धबधबा आहे, शेजारी मेपल. धबधबा हिवाळाभर चालू ठेवला तर पाणी गोठणार नाही, असं ऐकलंय. खरं आहे का? खाणं कधी बंद करायचं?

प्रतिसाद १

धबधबा बंदच करा. पाणी ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जड असतं, म्हणून वर बर्फ असला तरी तळाशी ४ अंशांच्या आसपासचा थर टिकतो आणि मासे तिथेच बसून राहतात. पंप नेमकं तेच पाणी वर नेऊन गार करतो. त्याहून वाईट म्हणजे दगडांवर बर्फाचा बांध तयार झाला की पाणी लायनरच्या बाहेर वळतं आणि तळं रिकामं होऊ शकतं. पंप काढून तळघरात पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा, सील सुकणार नाही.

खाण्यासाठी हवेचं नाही, पाण्याचं तापमान बघा. थर्मामीटर दोरीने तळाशी सोडा. १५ अंशांखाली गेलं की गव्हाच्या अंकुराचं खाद्य, तेही थोडं. १० अंशांखाली पूर्ण बंद. थंडीत पचन फार मंदावतं, आणि फिल्टरमधले अमोनिया संपवणारे जिवाणूही सुस्तावल्याने उरलेल्या खाद्याचा अमोनिया साचतो. मासे साठवलेल्या चरबीवर हिवाळा काढतात, दया येऊन चिमूटभरही टाकू नका.

मेपलची पानं गळायच्या आत तळ्यावर जाळी ताणा आणि तळाचा गाळ काढा. बर्फाखाली पानं कुजली की विषारी वायू कोंडतात. गोल्डफिश ऑक्सिजन संपल्यावरही काही काळ तग धरतो (शरीरात अल्कोहोल बनवून ते कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो!), पण हायड्रोजन सल्फाइडपुढे त्याचं काही चालत नाही. म्हणून बर्फात एक भोक कायम उघडं हवं: तरंगता डी-आयसर (बर्फ वितळवणारा छोटा विजेचा हीटर) लावा. तो तळं तापवत नाही, फक्त भोक राखतो. जोडणी जीएफसीआय सॉकेटवरच (विजेची गळती होताच ते प्रवाह तोडतं).

प्रतिसाद २

जोडीला एअर पंप लावणार असाल तर एअर स्टोन (बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड) तळाशी नको, काठाजवळ फूटभर खोलीवर टांगा. तळाशी ठेवलात तर धबधब्यासारखंच होईल. नळीत चेक व्हॉल्व्ह (एकाच दिशेने वाहू देणारी झडप) घाला, नाहीतर वीज गेल्यावर पाणी उलटं पंपात शिरतं.

ओरांडा मात्र बाहेर ठेवू नका. गोल अंगाचे मासे थंडीत तोल गमावून उलटे तरंगू लागतात. पाणी १५ अंशांवर असतानाच दोघांना घरात ४० गॅलनच्या टाकीत हलवा, तळ्याच्या फिल्टरचा एक स्पंज टाकीच्या फिल्टरमध्ये घाला, म्हणजे उपयोगी जिवाणू सोबत जातील. नळाच्या पाण्यात क्लोरामाइन (जंतुनाशक, माशांना घातक) असेल तर ते पाणी रात्रभर उघडं ठेवून जात नाही, डीक्लोरिनेटर (ते निकामी करणारं औषध) लागतोच.

धागाकर्ता

मनापासून आभार. वीज गेली आणि भोक गोठलं तर बर्फ फोडू का?

प्रतिसाद १

हातोडा अजिबात नको, धक्क्याच्या लाटांनी मासे दगावू शकतात. उकळतं पाणीही ओतू नका. स्टीलच्या पातेल्यात कडकडीत गरम पाणी भरून बर्फावर ठेवा, हँडलला दोरी बांधून दुसरं टोक काठावर अडकवा. पातेलं हळूहळू आत उतरतं आणि स्वच्छ गोल भोक पडतं. पाणी निवलं तर बदला. बर्फावर उभे मात्र राहू नका.