जनावरांची प्रतिजैविके डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत काय?

मूळ मत (बेळगाव)
निपाणीपासून खानापूरपर्यंत बाजाराच्या गावांत ऑक्सिटेट्रासायक्लिन किंवा एन्रोफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकांची बाटली सहसा चिठ्ठीशिवाय मिळते, हे इथल्या पशुपालकांना सांगायला नको. माझ्या मते ही विक्री बंद व्हावी आणि उपचार चालू असलेल्या जनावराचे दूध डेअरीला घालणाऱ्याला दंड व्हावा. औषधाने कमजोर जिवाणू मरतात, दाद न देणारे उरतात आणि तेच वाढतात. शिवाय औषधाला दाद न देण्याचा हा गुण ज्या प्लाझमिडांवर (जिवाणूंतील डीएनएच्या सुट्या कड्यांवर) असतो, ते एका जातीच्या जिवाणूकडून दुसऱ्या जातीच्या जिवाणूकडे जाऊ शकतात. रुग्णालयांत अखेरचा उपाय म्हणून राखलेल्या कोलिस्टिन या प्रतिजैविकाला निष्प्रभ करणारे एमसीआर-१ हे जनुक चीनमध्ये डुकरांत आणि रुग्णांतही आढळल्याचे २०१५ साली जाहीर झाले. त्यानंतर भारत सरकारने जुलै २०१९ मध्ये अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांसाठी कोलिस्टिनवर बंदी घातली. बाकीची बहुतेक औषधे मात्र दुकानात तशीच आहेत.

पशुपालक (चिकोडी तालुका)
हे मत शहरात बसून मांडलेले दिसते. म्हशीला रात्री कासदाह (कासेचा जंतुसंसर्ग) झाला, सड दगडासारखा टणक झाला आणि धारेत गाठी येऊ लागल्या, तर उपचार लांबवून चालत नाही. सड कायमचा निकामी होतो. त्या वेळी चिठ्ठी कोण देणार? सरकारी डॉक्टरांकडे इतकी गावे असतात की ते दुसऱ्या दिवशी आले तरी आम्ही आभार मानतो. आता दुधाचे पाहा. लेबलवर वेगळी मुदत नसेल तर औषधानंतर दूध व अंडी किमान ७ दिवस आणि मांस २८ दिवस विकू नये, असा नियम आहे. ते ७ दिवसांचे दूध मी गटारात ओतायचे आणि म्हशीच्या कर्जाचा हप्ता मात्र वेळेवर भरायचा, हा कुठला न्याय? साध्या सर्दीला माणसांना प्रतिजैविके लिहून देणाऱ्यांवर आधी बोला.

सूक्ष्मजीवशास्त्राचे शिक्षक (बेळगाव)
इथे दोन वेगळे धोके एकत्र झाले आहेत. दुधात उतरणारे औषधाचे अंश हा एक, आणि औषधाला दाद न देणारे जिवाणू हा दुसरा. दूध उकळल्याने जिवाणू मरतात, पण अनेक औषधांचे अंश बऱ्याच प्रमाणात टिकतात. म्हणून ७ दिवसांचा नियम अंशांसाठी योग्यच आहे. परंतु असे जिवाणू माणसापर्यंत पोहोचतात ते मुख्यतः शेण, गोठ्यात काम करणाऱ्यांचे हात, मांसाची हाताळणी, सांडपाणी आणि कच्च्या खताच्या वाटेने. त्यामुळे केवळ दुधाच्या दंडाने ते थांबणार नाहीत. माणसांतील बेसुमार वापर हे मोठे कारण आहे, हे पशुपालकांचे म्हणणे मला मान्य आहे. तरीही चीनने २०१७ साली जनावरांच्या खाद्यातील कोलिस्टिन बंद केल्यावर एमसीआर-१ जनुक डुकरांत कमी झाले आणि माणसांतही कमी आढळू लागले. तेव्हा 'आधी माणसांचे पाहा' म्हणून गोठा सोडून देता येत नाही.

कुक्कुटपालक (हुक्केरी तालुका)
चर्चा म्हशीभोवतीच फिरते आहे. करारावरच्या कोंबडीपालनात पिल्ले, खाद्य आणि औषधे कंपनीची; शेड, वीज आणि मजुरी आमची. पोत्यातील खाद्यात नेमके काय मिसळले आहे, हे आम्हाला विचारू नका. आजारी जनावराला औषध देणे वेगळे आणि निरोगी पक्ष्यांचे वजन वाढावे म्हणून थोड्या मात्रेत रोज देत राहणे वेगळे, कारण अशा अपुऱ्या मात्रेत दाद न देणारे जिवाणू सहज टिकून वाढतात. युरोपीय संघाने वाढीसाठीची प्रतिजैविके १ जानेवारी २००६ पासून बंद केली. आमच्या शेडमधले खत उसाला जाते, तसे भाजीलाही जाते, आणि बेळगावची भाजी गोव्यापर्यंत पोहोचते. नियम आधी खाद्याच्या कारखान्याला लावा.

मूळ मत मांडणारा
खाद्याला आधी, हे मान्य. पण त्यासाठी दुकानाला सूट नको. सीमेवर आणखी एक पळवाट आहे. एका राज्याच्या डेअरीने नाकारलेले दूध कॅन उचलून दुसऱ्या राज्यातल्या संकलन केंद्रावर नेता येते, आणि गावच्या केंद्रावर बहुधा फॅट व एसएनएफच (स्निग्धांश सोडून दुधातील इतर घन घटक) पाहिले जाते. कोल्हापूर आणि बेळगाव या दोन्ही बाजूंना एकच तपासणी लागू नसेल, तर प्रामाणिक पशुपालकच तोट्यात जाईल.

पशुपालक (चिकोडी तालुका)
तपासणी हवीच असेल तर कासदाहाची सीएमटी (कॅलिफोर्निया मॅस्टायटिस टेस्ट) चाचणी संकलन केंद्रांमार्फत गोठ्यागोठ्यांत पोहोचवा. दुधात द्रावण घालून गाठी धरतात का, हे काही क्षणांत दिसते आणि सूज येण्याआधीच रोग कळतो. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ कोरफड, हळद आणि चुना यांचा लेप सुचवते. सुरुवातीला मी तो लावायला तयार आहे. पण फेकलेल्या दुधाची निम्मी तरी भरपाई डेअरीने द्यावी आणि रात्री फोन उचलणारा डॉक्टर तालुक्यात असावा. यातले काही होईपर्यंत मी दुकानातूनच बाटली आणणार, आणि हे मी लपवून ठेवत नाही.