मदत हवी आहे: मारुती ८०० इलेक्ट्रिक केली, पन्हाळ्याच्या चढावर बंद पडते

रंकाळाकाठ
घरची २००६ ची मारुती ८००. इंजिन उतरवून मोटर बसवली, गिअरबॉक्स मूळचाच. ७२ व्होल्टची सिस्टीम. कोल्हापुरात मस्त पळते, ४०-४५ आरामात. पण वाघबीळच्या पुढं चढ लागला की थोडं वर गेल्यावर फटकन सगळं बंद. मीटर नाही, लाइट नाही, हॉर्नसुद्धा वाजत नाही. जरा थांबून चावी परत फिरवली की चालू, पुन्हा थोडं वर, पुन्हा बंद. कंट्रोलर (मोटरला किती करंट द्यायचा ते ठरवणारा डबा) बदलू का? कुठला घेऊ? रविवारी वडिलांना घेऊन वर जायचंय. लवकर सांगा.

लेथवाला
भावा, निम्मी माहिती तुझ्याकडंच राहिली. मोटर किती किलोवॅटची? बॅटरी कुठली, किती अँपिअर-अवर? बीएमएस, म्हणजे पॅकवर लक्ष ठेवून गरज पडली तर तो तोडणारं सर्किट, केवढा? कुठल्या गिअरला चढवतोस?

रंकाळाकाठ
बॅटरी नवीन आहे, तिचा प्रश्न नाही. मोटर १० किलोवॅट. सगळीकडं तिसराच गिअर, बदलायची गरजच पडत नाही. कंट्रोलरचं सांगा.

पिंपरीचा_पाहुणा
स्पष्ट बोलतो, राग मानू नका. घरी गाडी बदलायचे दिवस आता गेले. २०२२ मध्ये टियागो ईव्ही ८.४९ लाखांपासून आली. १९.२ किलोवॅट-अवरची बॅटरी, कंपनीची वॉरंटी, एअरबॅग. ८०० मध्ये यातलं काय आहे? जुनी वापरलेली ईव्हीसुद्धा आता मिळते.

रंकाळाकाठ
नवी गाडी कुठली घेऊ, असं विचारलेलं नाही. माझ्या गाडीचा पत्रा ठणठणीत आहे आणि रोजचं फिरणं गावातल्या गावात. चालती गाडी भंगारात का घालू?

रेवाचा_मालक
पिंपरीकर, २००१ मध्ये बंगळुरात रेवा आली तेव्हाही लोक हेच म्हणत होते. सहा-सहा व्होल्टच्या आठ लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या, ४८ व्होल्ट, एवढ्यावर ती गाडी चालायची. आजचे एलएफपी (लिथियम-आयर्न-फॉस्फेट) सेल त्या मानानं किती हलके! ज्याला स्वतःच्या हातानं करायचंय त्याला करू द्या. त्यातून पोरं जे शिकतात ते शोरूममध्ये मिळत नाही.

पासिंगवाला
करू द्या, पण कागद? मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा. आरसीवर पेट्रोल लिहिलंय आणि आत मोटर आहे, असं चालत नाही. गाडी इलेक्ट्रिक करायचं किट एआयएस-१२३ या मानकाप्रमाणे तपासून मंजूर झालेलं हवं, ती तपासणी एआरएआय किंवा आयकॅटसारखी संस्था करते. मग आरटीओत आरसीवर इंधन बदलून घ्यायचं. शिवाय गाडी २००६ ची, म्हणजे १५ वर्षं २०२१ लाच संपली. पुढच्या पाच वर्षांचं नूतनीकरण कुठल्या इंधनावर केलंय? उद्या घाटात कुणाला धक्का लागला तर विमा कंपनी पहिली हात वर करेल.

रंकाळाकाठ
कागदांचं वेगळा धागा काढून विचारतो. आधी गाडी वर चढू दे.

पासिंगवाला
माझ्या मते क्रम उलटा हवा. तोवर रस्त्यावर काढूच नका.

ऊन_पाऊस
छपरावर सोलर पॅनेल का लावत नाही? २०० वॅटचं बसलं तर दिवसाला साधारण एक युनिट मिळेल. दहा-बारा किलोमीटर फुकट.

मिरजेचा_वायरमन
सोलरनं चढ चढत नाही हो. मुद्द्याचं कुणी वाचलंच नाही. तो म्हणतोय हॉर्नसुद्धा वाजत नाही. कंट्रोलर ट्रिप झाला तर फक्त मोटर थांबते, हॉर्न का मरेल? म्हणजे अख्खा पॅकच तुटतोय, बीएमएस कट करतोय. आणि १२ व्होल्टची बॅटरी गाडीत आहे की काढली?

रंकाळाकाठ
काढली. पॅकच्या ७२ चे १२ व्होल्ट करणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर आहे ना, त्यावर लाइट, हॉर्न आणि ब्रेकचा व्हॅक्यूम पंप चालतो. पॅक एलएफपी, २४ सेल, १०५ अँपिअर-अवर. बीएमएस १०० अँपिअरचा, पॅक बांधून देणाऱ्यानंच घातलाय. कंट्रोलर ३०० अँपिअरचा.

लेथवाला
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलं असतंस तर!

सेल_तपासा
एखादा सेल कमजोर असणार. लोड आला की तोच २.५ व्होल्टच्या खाली जातो आणि बीएमएस तोडतो. बाकी तेवीस चांगले असून उपयोग नाही. पॅक उघडून एकेक सेल मोजा.

मिरजेचा_वायरमन
उघडायच्या आधी हिशेब करा. माणसांसकट गाडी ८०० किलो धरा, चढ आठ टक्के. चढाला साधारण ६३० न्यूटन, टायरच्या घर्षणाला १२०. ताशी ३० नं चढायचं तर चाकाशी सव्वासहा किलोवॅट लागतात. मोटर, कंट्रोलर, गिअरबॉक्स मिळून वीस टक्के खाणार, म्हणजे बॅटरीतून पावणेआठ. ७४ व्होल्टला १०५ अँपिअर. सपाटीवर ४० नं जाताना हाच आकडा ३०-३५ असतो, म्हणून गावात काही होत नाही. १०० च्या बीएमएसवर किती वेळ १०५ ओढणार? घरची चौघं बसली तर १२५ च्या पुढं जाईल.

सेल_तपासा
आठ टक्के तुम्ही मोजलेत का? नुसत्या अंदाजावर सेलला क्लीन चिट देऊ नका.

मिरजेचा_वायरमन
बरोबर, मोजलेले नाहीत. म्हणून विचारतो, बीएमएसला ब्लूटूथ आहे का? बंद पडल्यावर अ‍ॅपमध्ये कारण दिसतं.

रंकाळाकाठ
आत्ताच जाऊन आलो. ओव्हरकरंट दाखवतोय. बंद पडायच्या आधी सगळ्यात खालचा सेल ३.०८, सगळ्यात वरचा ३.१३.

सेल_तपासा
मग सेल बरे आहेत. माझा मुद्दा मागे.

मिरजेचा_वायरमन
आता कंट्रोलर बदलायचा नाही. लॅपटॉप जोडून बॅटरीकडची करंट मर्यादा ९० वर आणा. गाडी हळू चढेल, पण मध्येच मरणार नाही. चढावर दुसरा गिअर टाका. ताशी २० नं हेच काम ७०-७५ अँपिअरमध्ये होतं आणि मोटरही कमी तापते.

त्याहून महत्त्वाचं १२ व्होल्टचं. आज बीएमएस तुटला की व्हॅक्यूम पंपही थांबतो. टाकीत उरलेल्या व्हॅक्यूमवर दोन-तीनदा ब्रेक नीट लागेल, मग पेडल दगडासारखं. पाय पूर्ण जोरानं द्यावा लागेल. रात्री उतारावर लाइटही नाहीत. जुनी १२ व्होल्टची बॅटरी परत बसवा, कन्व्हर्टरनं ती चार्ज होऊ द्या आणि लाइट, हॉर्न, पंप तिच्यावर घ्या. हे झाल्याशिवाय वडिलांना गाडीत बसवू नका.

लेथवाला
याला शंभर टक्के अनुमोदन. बॅटरीचा ट्रे उद्यमनगरात तासाभरात वेल्ड करून मिळेल.

पिंपरीचा_पाहुणा
हेच सांगत होतो. कारखान्यात हे सगळं आधीच तपासलेलं असतं.

रेवाचा_मालक
आणि इथं एका संध्याकाळी चौघांनी मिळून शोधलं. वर गेलात की झुणका-भाकर खाऊन या.

रंकाळाकाठ
१२ ची बॅटरी उद्या बसवतो, मर्यादाही ९० करतो. रविवारी एसटीनं जाऊ. मग बीएमएस २०० चा घेतला तर मर्यादा १५० करता येईल ना?

मिरजेचा_वायरमन
सेल सतत किती अँपिअर देऊ शकतो ते त्याच्या डेटाशीटमध्ये बघून लिहा. आणि पॅकला फ्यूज किती अँपिअरचा आहे, केबल किती चौरस मिलिमीटरची? हेही अजून सांगितलेलं नाहीत.